तक्रार निकाली, दिवा बंद!

ऑफिसात केआरए, कॉलेजात नॅकची ग्रेड, महापालिकेत तक्रारींची टक्केवारी. मोजमापाचा सगळीकडे धूमधडाका आहे. पण मोजतंय कोण, आणि कुणाच्या घड्याळाने?

रात्रीचे साडेनऊ. घरी येताना मोबाइलवर मेसेज टपकला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. धन्यवाद.' हा मेसेज मी मोबाइलच्याच टॉर्चमध्ये चालत असताना वाचला. कारण तक्रार होती आमच्या गल्लीतल्या बंद दिव्याची आणि गल्लीत होता मिट्ट काळोख.

हे तिसऱ्यांदा होत होतं. पहिल्यांदा मी मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला, चार स्मायल्या मिळाल्या. दुसऱ्यांदा चिडले. तिसऱ्यांदा मात्र हसायला आणि चिडायला काही उरलंच नव्हतं. कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या 'निकाली'च्या मधे आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्याच अंधारात, उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला अडखळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. सकाळी सगळ्या बिल्डिंगच्या आधी देवळात जाऊन येणाऱ्या काकू खिडकीत बसून राहिल्या.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, 'अगं, तू तक्रार केली होतीस ना?'

केली होती. दोनदा. आणि दोन्ही वेळा ती मुदतीत निकाली निघाली होती. म्हणजे रेकॉर्डनुसार काकू पडल्या त्या लख्ख उजेडात!

लाल दिसलं की झापतात

दुसऱ्या दिवशी भांडायच्या तयारीनेच वॉर्ड ऑफिस गाठलं. डोक्यात दोन-चार कडक वाक्यं तयार होती. समोर निघाला पस्तिशीतला एक ज्युनियर इंजिनीअर. दोन मोबाइल, त्यातला एक सतत वाजतोय, टेबलावर अर्धा राहिलेला डबा. त्याने आधी चहा मागवला. निम्मा राग तिथेच गेला.

'मॅडम, खरं सांगू का? दिवा आमचा आहे. पण फॉल्ट केबलमध्ये आहे. म्हणजे खणायला लागणार. खणायची परवानगी रोडवाले देणार, आणि पावसाळ्यात ते देत नाहीत.'

'मग तसं लिहा ना. निकाली कशाला काढता?'

त्याने मॉनिटर माझ्याकडे वळवला. 'लिहू कुठे? इथे ऑप्शन दोनच. प्रलंबित, नाहीतर निकाली. सात दिवस झाले की प्रलंबित लाल होतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये लाल दिसलं की सगळ्यांसमोर झापतात. मग आम्ही निकाली करतो, तुम्ही परत टाकता. नवीन नंबर, नवीन सात दिवस.'

'आणि दिवा?'

'दिवा पावसाळ्यानंतर.'

मग थोडं थांबून तो म्हणाला, 'तसा आमचा वॉर्ड टक्केवारीत वरच्या नंबरात आहे.' सांगताना आवाजात अभिमान वगैरे काही नव्हता. लाज होती म्हणा हवं तर.

मी त्याच्यावर रागावू शकले नाही, कारण हा खेळ आपल्याला नवा आहे का? एप्रिल आला की आपण सगळे तो खेळतोच. केआरएच्या फॉर्मवर जे रकाने आहेत ते काम फेब्रुवारी-मार्चमध्ये दणक्यात होतं. ज्याला रकाना नाही, म्हणजे नव्या पोराला शिकवणं, चिडलेल्या क्लायंटचं तासभर ऐकून घेणं, ते काम हवेत. कॉल सेंटरमध्ये काम केलेली माझी एक मैत्रीण सांगते, तिच्या टीमला कॉल किती मिनिटांत संपला यावर पॉइंट्स होते. मग काय, अवघड गिऱ्हाईक आलं की लाइन 'चुकून' कट! आकडा मस्त. गिऱ्हाईक परत पहिल्यापासून रांगेत.

याला नाव आहे, बॉस!

हा घोळ इतका जुना आहे की त्याच्या नावाने एक नियमच आहे. चार्ल्स गुडहार्ट हे बँक ऑफ इंग्लंडचे सल्लागार. १९७५ मध्ये त्यांनी पैशाच्या पुरवठ्याबद्दल एक निरीक्षण मांडलं. नियंत्रणासाठी एखाद्या आकड्याची मानगूट पकडली, की त्या आकड्याचं आधीचं वागणं बदलतं. पुढे १९९७ मध्ये मेरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तीच गोष्ट ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या ऑडिटला लावून दाखवली. साध्या मराठीत फंडा असा, की मोजपट्टीवर बक्षीस आणि शिक्षा टांगली की लोक काम सुधारण्याऐवजी मोजपट्टीच सुधारायला लागतात. आपल्याकडे याला कागदी घोडे म्हणतात. आता घोडे डिजिटल झालेत, एवढंच.

म्हणून मोजूच नये का? थांबा, गोष्ट इतकी सरळ नाही.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कचे पोलिस कमिशनर विल्यम ब्रॅटन आणि त्यांचे सहकारी जॅक मेपल यांनी 'कॉम्पस्टॅट' सुरू केलं. दर आठवड्याला गुन्ह्यांचे ताजे आकडे नकाशावर मांडायचे आणि त्या त्या भागाच्या अधिकाऱ्याला उभं करून विचारायचं, हे का वाढलं? तुम्ही काय करताय? त्या दशकात शहरातले गुन्हे झपाट्याने घटले. इतर अमेरिकन शहरांतही घटले, त्यामुळे श्रेय कुणाचं यावर वाद आहे. पण कल्पना सॉलिड होती. २००० मध्ये बाल्टिमोरचे महापौर मार्टिन ओमॅली यांनी ती नागरी सेवांना लावली. खड्डे, कचरा, कर्मचाऱ्यांच्या दांड्या, ओव्हरटाइम, सगळं ठरावीक दिवसांनी एका टेबलावर यायला लागलं. 'सिटीस्टॅट' नावाच्या या प्रयोगाला २००४ मध्ये हार्वर्डचा पुरस्कारही मिळाला. आज आपल्या महापालिकांत भिंतीवर जे डॅशबोर्ड झळकतात, त्यांचं मूळ गाव हे.

आणि पुढचा अंक? २०१० मध्ये ब्रुकलिनमधल्या एका पोलिसाने गुपचूप केलेली रेकॉर्डिंग्ज छापून आली. वरून दबाव काय, तर गंभीर गुन्हा हलका करून लिहा, तक्रारदाराला परतवून लावा. म्हणजे तिथेही 'निकाली'च.

ब्रिटनमध्ये २००० च्या दशकात सरकारी हॉस्पिटलांना टार्गेट दिलं होतं, इमर्जन्सीत आलेल्या पेशंटचं चार तासांत काय ते झालं पाहिजे. वेटिंग खरंच कमी झालं. पण काही ठिकाणी पेशंटला दारातच अॅम्ब्युलन्समध्ये थांबवून ठेवायला लागले. का? कारण घड्याळ पेशंट आत आल्यावर सुरू होत होतं!

सगळी मेख या घड्याळात आहे. ते कुठे सुरू होतं, कुठे थांबतं, आणि त्याचं बटण कुणाच्या हातात आहे.

नॅक येतंय, पडदे बदला

माझी एक मैत्रीण मास कॉमनंतर लेक्चरर झाली. गेल्या वर्षी तिच्या कॉलेजात नॅकची तयारी चालू होती, तेव्हा तीन महिने ती आमच्यातून गायबच होती. फोन केला की एकच उत्तर, 'अगं, क्रायटेरिया तीनची फाइल संपवते आणि बोलते.'

नॅक म्हणजे कॉलेज आणि विद्यापीठांना ग्रेड देणारी, १९९४ मध्ये यूजीसीने स्थापन केलेली संस्था. तिचे सात निकष आहेत. अभ्यासक्रम, शिकवणं, संशोधन, सोयी, विद्यार्थ्यांना मदत, कारभार आणि मूल्यं. २०१७ मध्ये पद्धत बदलली आणि साधारण सत्तर टक्के भार आकड्यांत मांडता येणाऱ्या माहितीवर आला. हेतू चांगलाच होता. आधी सगळं समितीच्या दोन-तीन दिवसांच्या भेटीवर अवलंबून असायचं, म्हणजे नवे पडदे, कुंड्या आणि जेवणाचा मेनू. त्यापेक्षा पुराव्यानिशी आकडे बरे.

पण मैत्रिणीचं ऐका. 'मी वर्गात काय शिकवते हे तीन महिन्यांत एकानेही विचारलं नाही गं. शिकवल्याचा जिओटॅग केलेला फोटो आहे का, हे मात्र दहा जणांनी विचारलं.' त्या तीन महिन्यांत तिची किती लेक्चर्स बुडाली? त्याचा रकाना कुठल्याच फाइलमध्ये नव्हता.

मी म्हटलं, मग बंद करा हे नॅक. तर ती चक्क उखडली. 'वेडी आहेस का? नॅक नसतं तर आमच्याकडे मुलींचं स्वच्छतागृह अजून पाच वर्षं झालं नसतं. लायब्ररी संध्याकाळी उघडी राहते ती नॅकमुळे.' ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवली. मोजमापाला शिव्या घालणं सोपं आहे. पण ज्याच्याकडे ओळख नाही, वशिला नाही, त्याच्याकडे आकडा हेच एक हत्यार असतं.

आता ते हत्यार उलटतं कसं ते बघा. २०१० मध्ये यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय नावाची पॉइंट सिस्टीम आणली. पेपर छापला की पॉइंट, सेमिनारला गेलं की पॉइंट. उद्देश हा की बढती साहेबांच्या मर्जीवर नको, कामावर मिळावी. झालं काय, तर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नल्सचा धंदा तेजीत आला. शेवटी मे २०१८ मध्ये यूजीसीला स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नल्स एका झटक्यात काढून टाकावी लागली. संशोधन मोजायला गेले आणि हाती आली रद्दी.

सरासरी नावाची चीज

मुंबई विद्यापीठाचा २०१७ चा उन्हाळा आठवतो? त्या वर्षी उत्तरपत्रिका कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तपासायचं ठरलं. ४७७ परीक्षा, १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका. निकाल झटपट आणि पारदर्शक, असं स्वप्न होतं. स्कॅनिंग आणि प्राध्यापकांचं ट्रेनिंग यांची घडी नीट बसायच्या आतच गाडी सोडली. कायद्याप्रमाणे निकाल जास्तीत जास्त ४५ दिवसांत लागायला हवेत. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली आणि काही निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. पुढच्या अॅडमिशनच्या तारखा उलटत गेल्या, नोकरीच्या ऑफर्स हातात घेऊन पोरं मार्कशीटची वाट बघत बसली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं.

याच विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकची 'ए प्लस प्लस' ही सगळ्यात वरची ग्रेड मिळाली. चारपैकी ३.६५. खोटं काहीच नाही यात. विद्यापीठ मोठं आहे, तिथे चांगलं कामही होतं. नॅक विद्यापीठांना निकालाला किती दिवस लागतात हेही विचारतं, पण विचारतं ती दिवसांची सरासरी. आणि सरासरीत एका बॅचचं बुडालेलं वर्ष आरामात विरघळून जातं.

सरासरीची गंमत बघायची तर बस स्टॉपवर चला. समजा तुमच्या रूटला दर दहा मिनिटांनी बस आहे. तासाला सहा फेऱ्या. तुम्ही केव्हाही आलात तरी सरासरी पाच मिनिटं थांबाल. आता त्याच सहा बस जोडीजोडीने, वीस-वीस मिनिटांनी आल्या तर? फेऱ्या सहाच, किलोमीटर तेवढेच. तुम्ही मात्र सरासरी दहा मिनिटं ताटकळणार, आणि जोडीतली पहिली बस खच्चून भरलेली असणार.

आपल्याकडच्या परिवहन उपक्रमांच्या अहवालात काय असतं? ताफ्यातल्या किती बस रस्त्यावर आल्या, किती किलोमीटर धावल्या, दर किलोमीटरमागे उत्पन्न किती. हे लागतंच. पण या हिशोबात वरच्या दोन्ही बससेवा सारख्याच ठरतात. लंडनमध्ये २००१ पासून बस चालवणाऱ्या खासगी कंपन्यांशी वेगळ्या प्रकारचे करार झाले. जास्त फेऱ्यांच्या रूटवर तिथे प्रवाशाला वेळापत्रकापेक्षा सरासरी किती जास्त थांबावं लागलं हे मोजतात, आणि कंपनीचा बोनस किंवा कपात त्यावर ठरते. बसच्या मागे बस लावून काही फायदा नाही, कारण घड्याळ स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाचं आहे. आकडेमोड तीच, फक्त रस्त्याच्या या बाजूला येऊन केलेली.

दिवा एकाचा, केबल दुसऱ्याची

मोजून झालं की पुढचा शब्द येतो प्लॅनिंग. व्हिजन, मिशन, रोडमॅप. आपल्या विद्यापीठांकडे यासाठी एक भारदस्त मराठी नाव आहे, बृहत आराखडा. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक विद्यापीठाने तो पाच वर्षांसाठी करायचा असतो. कुठे कुठल्या शिक्षणाची गरज आहे, काय नवीन काढायचं, सगळं त्यात यावं अशी अपेक्षा. पण तो पेपरात येतो तो बहुतेक 'स्थळबिंदूं'साठी, म्हणजे नवीन कॉलेज कुठे निघणार यासाठी. आहेत त्या कॉलेजांत शिकवायला माणसं आहेत का, हा प्रश्न मागच्या बाकावर.

तो प्रश्न किती महागात पडतो हे पुण्याने पाहिलं. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ तिच्या विद्यापीठांच्या यादीत २०२४ मध्ये २३ वं होतं. २०२५ मध्ये एकदम ५६ वं. शहराला धक्काच बसला. कारणांत सगळ्यांनी बोट दाखवलं ते प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांकडे. या क्रमवारीत विद्यार्थ्यांमागे शिक्षक किती याला वजन आहे. इथे मात्र मी आकड्याच्या बाजूने आहे. जी गोष्ट विभागातली मुलं वर्षानुवर्षं सांगत होती, ती एका आकड्याने एका दिवसात हेडलाइन केली.

पण मग प्लॅनमध्ये लिहा की, भरती करणार! लिहायला काय जातं? मंजूर पदं भरायची तर राज्य सरकारची परवानगी लागते, पगाराचे पैसे तिथून येतात. थोडक्यात, आमच्या गल्लीसारखंच. दिवा विद्यापीठाचा, केबल सरकारची. आराखडा करणारा एक, तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, आणि रँक खाली गेली की झापला जाणार तिसराच.

इंदूरकडून दोन धडे

'जमतं कुणाला तरी?' असं विचारलं की उत्तर येतं, इंदूर. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग आठ वेळा पहिलं. तिथे दारोदार ओला-सुका कचरा वेगळा घेतला जातो, देवगुराडियाचे जुने कचऱ्याचे डोंगर हटवले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्लँट सुरू झाला. त्यांनी मोजलं ते तुमच्या बादलीपासून प्लँटपर्यंत, अख्खी साखळी. परीक्षेच्या महिन्यात भिंती रंगवून पहिला नंबर इतकी वर्षं टिकत नाही. हा पहिला धडा.

दुसरा धडा जीवघेणा आहे. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस याच इंदूरच्या भागीरथपुरा भागात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं. शेकडो लोक आजारी पडले, काही दगावले. रस्ते देशात सगळ्यात चकाचक आणि नळाला विष. याचा अर्थ पुरस्कार खोटे होते असा नाही. अर्थ एवढाच, की पुरस्कार ज्याला मिळतो त्यावर सगळ्या शहराची नजर खिळते, आणि जमिनीखालच्या पाइपकडे बघायला कुणी उरत नाही. आणि नळाला वास येतोय असं जेव्हा लोक सांगतात, तेव्हा ते सांगणं हाही एक आकडाच असतो. तो 'निकाली' काढायचा नसतो.

मग करायचं काय?

मी काही मॅनेजमेंट गुरू नाही. पण वॉर्ड ऑफिसच्या त्या चहानंतर मला तीन गोष्टी पटल्यात.

एक, तक्रार बंद करायचं बटण तक्रार सोडवणाऱ्याकडे एकट्याकडे नको. ज्याने केली त्याने 'हो, झालं' म्हटल्याशिवाय ती बंद होता कामा नये.

दोन, प्रलंबित आणि निकालीच्या मधे तिसरा रकाना हवा, 'कुणाकडे अडकली?' त्या इंजिनीअरला हा रकाना असता तर तो खोटं बोलला नसता. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याला झापण्याऐवजी रोड खात्याला विचारलं गेलं असतं आणि गल्लीला तात्पुरता दिवा मिळाला असता.

तीन, मीटिंगमधला पहिला प्रश्न 'लाल का?' असा नको, 'काय अडलंय?' असा हवा. लाल दाखवणाऱ्यालाच झोडलं की पुढच्या सोमवारी सगळं हिरवं दिसतं. तेवढ्याने दिवा लागत नाही.

चौकट : तुमच्या हातात काय आहे?

• दाखले, परवाने, नळजोड यांसारख्या अधिसूचित सेवांसाठी महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा, २०१५ आहे. प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली असते. अर्जाची पोच आणि तारीख नक्की घ्या, घड्याळ तिथून चालू होतं. मुदत टळली तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

• तक्रार न सुटताच बंद झाली तर नवीन तक्रारीत जुना नंबर आवर्जून लिहा. तारखेसह फोटो जोडा. नाहीतर तुमची एक तक्रार त्यांच्या चार यशोगाथा होते.

• माहिती अधिकारात नुसती टक्केवारी मागू नका. एकाच जागेबद्दल किती वेळा तक्रारी आल्या, ते विचारा. खरी गोष्ट तिथे असते.

• विद्यार्थी असाल तर लक्षात ठेवा, सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघायला मागता येते.

• नॅकच्या प्रक्रियेत विद्यार्थ्यांचा सर्व्हे असतो. ई-मेल आला तर मित्राकडून भरून घेऊ नका. खरं लिहा. तुमच्या बाजूचं घड्याळ तेवढंच आहे.

शेवटचा मेसेज

पाऊस ओसरला. बारा ऑक्टोबरला गल्ली खणली गेली आणि संध्याकाळी दिवा लागला. थोड्याच वेळात मोबाइल वाजला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' चौथ्यांदा. या वेळी मात्र मेसेज वाचायला टॉर्च लागला नाही.

मी उत्साहात काकूंकडे गेले. माझा हिशोब तयार होता. वीस जूनला पहिली तक्रार, बारा ऑक्टोबरला दिवा. ११४ दिवस. सिस्टीममध्ये मात्र हेच असं दिसणार, तक्रारी चार, चारही मुदतीत निकाली, कामगिरी १०० टक्के.

काकू वॉकर धरून उठल्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी गेल्या. त्यावर दुधाचे खाडे असतात, गॅस कधी लावला ते असतं, बाईच्या सुट्ट्या असतात. त्यांनी जूनचं पान उलटून मला एका चौकोनावर बोट ठेवून दाखवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दिवा गेला.'

'तुझी तक्रार वीस तारखेची,' काकू म्हणाल्या. 'दिवा अठराला गेलाय. एकशे सोळा.'

मग ऑक्टोबरचं पान काढून त्यांनी पेन मागितलं आणि बाराच्या चौकोनात लिहिलं, 'दिवा आला.'